टोलीचा ल

"कुठली गं तू?" असं नागपूरच्या धरमपेठेत कोणी विचारलं तर त्याला गावाचं नाव नको असतं, आडनावाचा अंदाज हवा असतो. मी ज्या शिकवणी वर्गात फोन उचलायचं काम करते, तिथल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला हे विचारलं. मी सांगितलं, माझं आजोळ रामटेककडे, लहानपण तिथंच गेलं, टोलीवर. त्या हसल्या. "टोळीवर? दरोडेखोरांच्या?" मग मला लागलं असेल असं वाटून त्यांनीच तोडगा काढला. टोली कशाला, वाडी म्हण, कानाला किती गोड वाटतं.

कानाला गोड वाटतं म्हणून राहत्या जागेचा शब्द बदलत नसतात. वाडी कोकणात असते. पाडा तिकडे डोंगरात असतो, तांडा बंजाऱ्यांचा, पोड कोलामांचं. आमच्याकडे टोली. मोठी वस्ती असली तर टोला, लहान असली तर टोली. लोटा आणि लोटी असतात ना, तसं. मुख्य गावापासून तुटून रस्त्याच्या नाही तर तळ्याच्या कडेला बसलेली पंधरा-वीस घरं, एखादी विहीर, एखादं चिंचेचं झाड. नागपूर शहराच्या पोटातही टोल्या आहेत. शहर वाढत गेलं, त्यांना गिळून बसलं, नाव तेवढं घशात अडकून राहिलं.

आता या शब्दाचं व्याकरण पाहा. माणूस गावात राहतो, शहरात राहतो, पण टोलीवर राहतो. 'आत' नाही, 'वर'. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूसारखा. उद्या उचलून दुसरीकडे ठेवता येईल असा. हे मला कोणी शिकवलेलं नाही. लहानपणी गावातली पोरं विचारायची, "टोलीवरची का वं तू?" तेव्हाच त्या 'वर'चा अर्थ कळला होता.

टोली गावापासून का तुटते? कधी शेत लांब असतं म्हणून माणसं शेताजवळ घर बांधतात. कधी भाऊबंदकी होते. आणि पुष्कळदा गावानंच सांगितलेलं असतं की तुम्ही तिकडे राहा. आमची टोली या शेवटल्या जातीची. छप्पन साली टोलीवरची माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झाली आणि परत आली ती त्याच टोलीवर. धर्म बदलला, पत्ता तोच राहिला. पत्ताही धड नाही, कारण कागदावर फक्त मोठं गाव आहे. टोलीला स्वतःचं नावच नाही. टोली हेच नाव.

हे सगळं मी आज सांगते त्याचं कारण माझी मामेबहीण.

तिचा नर्सिंगला नंबर लागला. टोलीवरून नागपूरला शिकायला रोज जाणारी ती पहिली मुलगी. सकाळी उजेडात गावापर्यंत चालत जायचं आणि तिथून बस धरायची, त्याला कोणाची हरकत नव्हती. भानगड संध्याकाळी होती. बस नागपूरहून निघते, महामार्ग सोडून आमच्या रस्त्याला लागते, टोलीच्या दारावरून जाते आणि थेट गावच्या चौकात थांबते. टोलीवर थांबा नाही. म्हणजे ही पोरगी खिडकीतून स्वतःचं घर बघत पुढे जायची. मामी अंगणात उभी असलेली तिला दिसायची. मग गावात उतरून तोच रस्ता उलटा चालत यायचं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्ये पूल, पुलाच्या कठड्यावर रोजचे रिकामटेकडे. मामाची राईस मिलमध्ये संध्याकाळची पाळी, मामीचे गुडघे गेलेले. आणायला जाणार कोण?

मग आम्ही दोघींनी एक उपाय काढला. गावात उतरली की ती मला फोन लावायची आणि घर येईपर्यंत चालू ठेवायची. मी इकडे खोलीवर भाजी चिरत असायची, ती तिकडे चालत असायची. बोलायला दर वेळी काही नसायचंच. मला तिच्या चपलांचा आवाज यायचा, बेडकं ऐकू यायची. पुलापाशी आली की ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची, जणू मी पोलीस ठाण्यातच बसले आहे. "हो मॅडम, सांगते मॅडम." मी पण म्हणायची, सांगा, सांगा. पूल संपला की दोघी हसायचो. पण ते हसणं मला आवडायचं नाही. शिकायला जाणाऱ्या मुलीला आपल्याच घरी जाताना नाटक का करावं लागतं?

मामानं मुदत दिली होती. धान कापणीपर्यंत पाहू, म्हणाला. दिवस लहान झाले, लवकर अंधारून यायला लागलं, की शिक्षण बंद. मामा वाईट माणूस नाही. पोरीचा नंबर लागला तेव्हा अख्ख्या टोलीवर त्यानंच पेढे वाटले होते. पण त्याला त्या पुलावरची माणसं ठाऊक होती.

मी आठ-दहा जणांच्या एका गटात काम करते. पत्रकं काढतो, वाटतो, अर्ज करतो, भांडतो. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. मी ठरवलं की कापणीच्या आधी टोलीवर बस थांबवायची. डेपोत गेले. तिथले साहेब सभ्य होते, हे सांगायला पाहिजे. खुर्ची दिली, चहा पाजला. मग म्हणाले, विनंती थांबा देता येतो, पण ग्रामपंचायतीचा ठराव हवा आणि थांब्याला नाव हवं. मी म्हटलं, नाव आहे, टोली. ते म्हणाले, ताई, ते नाव नाही, तो प्रकार झाला. उद्या कोणी येऊन म्हणेल माझ्या थांब्याचं नाव 'गाव' ठेवा.

मला राग आला तो त्यांचा नाही. त्यांच्या बोलण्यात तर्क होता, त्याचा आला. आधी माणसांना नाव द्यायचं नाही, आणि मग नाव नाही म्हणून बस द्यायची नाही.

त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता: टोलीला थांबा मिळालाच पाहिजे. खाली सगळं सविस्तर. नागपुरातच, महाल भागातल्या एका लहान प्रेसमध्ये छापायला टाकलं. दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेतला, घाईत होते, तशीच बस धरली आणि गावच्या चौकापर्यंत वाटत गेले. लोक पत्रक वाचायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. मला वाटलं, विषय पोचतो आहे. शेवटी कंडक्टरनं तिकिटांच्या मशीनवर कोपर टेकवून मला विचारलं, "टोळीसाठी बस थांबवा म्हणता. मंग बंदुका कुठं हायेत तुमच्या?"

तेव्हा मी छापलेलं पत्रक पहिल्यांदा नीट पाहिलं. टोळीला थांबा मिळालाच पाहिजे. मथळ्यात टोळी. आत प्रत्येक ओळीत टोळी. टोळीवर राहणाऱ्या मुली शिकतात. टोळीवरच्या माणसांनी किती दिवस सहन करायचं. खाली आमच्या गटाचं नाव ठसठशीत.

संध्याकाळपर्यंत गावातल्या पोरांच्या मोबाईलवर पत्रकाचा फोटो फिरला. त्याखाली एकानं लिहिलं होतं, टोळीवाले येऊन राहिले, दारं लावा बे.

मी प्रेसमध्ये भांडायला गेले. अक्षरजुळणी करणारा माणूस आमच्याच बाजूचा, कन्हानचा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि फार शांतपणे म्हणाला, "ताई, मले वाटलं तुमची चूक झाली. म्हणून सुधरवून देली."

त्याच्या या एका वाक्यावर माझा राग दुसरीकडेच गेला, कारण मला तो ळ कुठून आला ते लगेच कळलं. आमच्याकडे जिभेला ळ नसतो. शाळेला आम्ही शाया म्हणतो, डोळ्याला डोया, नाही तर ळच्या जागी ल लावून भागवतो. मास्तर लोकांनी त्यापायी आमच्या हातावर छड्या तोडल्या. तो म्हणाला, त्यानंही खाल्ल्या होत्या. मग शिकलेला माणूस काय करतो? लिहिताना त्याला सगळीकडे आपलीच चूक दिसते. जिथं ल बरोबर आहे तिथंही त्याचा हात ळ लावून मोकळा होतो. त्याच्या स्वतःच्या घरामागं टोली आहे. रोज तो तिथून जातो. पण कागदावर ल दिसला आणि त्याला वाटलं, ही बाई आपल्यासारखीच गावंढळ, हिची इज्जत वाचवू. आमच्या हातून आमचाच शब्द खोडून घेतला, इतकी पक्की शिकवण.

इकडे टोलीवर मामा भडकला होता. रविवारी विहारात बैठक बोलावली. मीही गेले. टोलीवरची झाडून सगळी माणसं आली होती, बाया दाराशी, पोट्टे खिडकीत. मामानं सरळ मांडलं की आता हसं पुरे झालं. आपण टोली हा शब्दच टाकून द्यायचा आणि नगर हे नाव घ्यायचं. कोणत्या महामानवाचं नगर हेही ठरलेलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उठले. म्हटलं, मी सरपंचांशी बोलून आले आहे. टोली या नावानं ठराव ते येत्या सभेत घ्यायला तयार आहेत, कारण तो शब्द आधीच सगळ्यांच्या तोंडात आहे. नवीन नाव म्हटलं की ते तालुक्याला जाणार, मग गावातले चार जण आडवे येणार, नगर कोणाचं, का म्हणून. नाव मिळेल, पण तोवर धान कापून, मळून, विकूनही होईल.

मामा माझ्याकडे न बघता बोलला. "टोली म्हणजे गावानं ज्याईले बाहेर ठेवलं थे. थे नाव मी आपल्या हातानं बोर्डावर लिहू काय?"

"लिहा," मी म्हटलं. "लाज बाहेर ठेवणाऱ्याले वाटली पाहिजे मामा. राहणाऱ्याले काहून?"

हे वाक्य मी पत्रकात दहा वेळा लिहिलं असतं. विहारात ते चाललं नाही. मामा आता माझ्याकडे बघत होता.

"तू नागपुरात राहतेस. तुले तिथं टोली म्हणून कोणी हाक मारते काय?"

मॅडम दरोडेखोर म्हणतात, ते हसण्यावारी नेता येतं. चौकात "ए टोली" म्हणून हाक आली की नेता येत नाही. मामानं ती हाक आयुष्यभर ऐकली होती. मी खाली बसले.

मग दाराशी बायांमध्ये बसलेली माझी मामेबहीण बोलली. उभी राहिली नाही, बसल्या बसल्याच. "नगर येईल तवा येईल बाबा. मले दोन्ही नावं चालतात. पण मी उद्या संध्याकायी कुठं उतरू, थे सांगा."

एक म्हातारी बाई म्हणाली की पोट्टी बरोबर म्हणून राहिली, आधी पाय घरात येऊ द्या, पाटी मागून लावा. मामा उठून बाहेर चिंचेखाली गेला. त्यानं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. टोलीवर याला परवानगी म्हणतात.

मी दुसरं पत्रक लिहिलं. या वेळी प्रेसमध्ये खुर्ची ओढून त्या कन्हानच्या माणसाशेजारी बसले आणि तो प्रत्येक ल टाकताना बघत राहिले. तोही मजेत होता. दर वेळी विचारायचा, "हा ल तं नक्की ना ताई?" पत्रक असं होतं:

टोली. यात ल आहे, ळ नाही. अर्थ: जिथली माणसं गावाचं धान रोवतात, गावाचं धान कापतात आणि गावाच्या बाहेर झोपतात ती जागा. जिथं मतं मागायला गाडी थांबते आणि माणसं उतरवायला थांबत नाही ती जागा. टोळी वेगळी. टोळी लुटते. टोलीला लुटलेलं असतं. वाक्यात उपयोग करा: बस टोलीवर थांबली पाहिजे.

शेवटची ओळ लोकांना फार आवडली, कारण वाक्यात उपयोग सगळ्यांनीच शाळेत केलेला असतो. पण नुसतं पत्रक काढून कधी काही झालेलं नाही, हे पत्रकं काढणाऱ्यांना सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं. शब्दाला वापर लागतो. तो वापर टोलीवरच्या बायांनी केला.

रोवण्याचे दिवस संपले होते, हाताला थोडी उसंत होती. बायांनी ठरवलं की बाजाराला, दवाखान्याला, लेकीकडे, कुठंही जायचं असेल तर परतीला हीच संध्याकाळची बस धरायची आणि तिकीट टोलीचंच मागायचं. कंडक्टर म्हणायचा, मशीनमध्ये टोली नाही. बाया म्हणायच्या, मग गावाचं दे, पैसे गावाचे घे, उतरव टोलीवर. तो म्हणायचा, थांबा नाही. त्या म्हणायच्या, आमची घरं तर आहेत ना. आणि चिंच दिसली की सगळ्या जणी एकदम उठून दाराशी जायच्या. पायरीवर बाया उभ्या असताना बस दामटायची कशी? ड्रायव्हर पुटपुटत ब्रेक लावायचा. पहिले काही दिवस त्यानं नाही लावला, गावात नेऊन उतरवलं. त्या चालत परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोलीचं तिकीट मागितलं.

माझी बहीण त्यांच्यामध्ये उतरायची. सोबत असायची म्हणून फोनची गरज पडायची नाही. पण बाया रोज कुठून येणार? ज्या दिवशी कोणी नसायचं त्या दिवशी एकटीसाठी बस थांबायची नाही, आणि फोन यायचा. हो मॅडम. सांगते मॅडम.

हळूहळू एक गंमत झाली. बसमधली गावातली माणसंच बोलायला लागली. चिंच दिसली की मागून कोणीतरी म्हणायचं, टोली आली, उठा. आधी टवाळी होती. मग सवय झाली. ज्या पोरांनी दारं लावा म्हणून लिहिलं होतं त्यांच्यातलाच एक जण झोपलेल्या म्हातारीला हलवून सांगताना माझ्या मामीनं पाहिला, "आजी, टोली आली वं." शब्द असाच रुजतो. शब्दकोशात तो फार उशिरा जातो.

ठराव झाला. डेपोच्या साहेबांनी मला फोनवर सांगितलं की मंजूर आहे, नाव जसं ठरावात आहे तसंच. मी म्हटलं, साहेब, तो प्रकार आहे म्हणाला होतात. ते म्हणाले, ताई, माझे कंडक्टरच आता टोली म्हणतात, मी काय करू.

ग्रामपंचायतीनं पाटी रंगवून लावली. गावातल्या पेंटरनं, पिवळ्यावर निळ्या अक्षरांत, सुबक. विनंती थांबा, टोळी.

मामीनं फोटो पाठवला तेव्हा मी वर्गात फोनवर कोणाला तरी फी सांगत होते. मी फोन ठेवून दिला. पंचायतीला काय काय सुनवायचं याची मनात जुळणी केली आणि सुट्टी मागून थेट निघाले.

पोचले तेव्हा मामा पाटीपाशी होता. सायकल खांबाला टेकवलेली, तो कॅरिअरवर एक पाय ठेवून वर चढलेला. विहाराच्या कठड्याला दिलेल्या निळ्या रंगाचा उरलेला डबा हँडलला लटकत होता. ळ त्यानं आधीच पिवळ्यानं बुजवला होता आणि त्या जागी ल काढत होता. त्याच्या हाताला ब्रशची सवय नाही. ल बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा झाला आणि थोडा रस्त्याकडे कलला.

पंचायतीसाठी आणलेली सगळी वाक्यं तोंडातच राहिली. मामा खाली उतरला, दोन पावलं मागे जाऊन पाटी वाचली आणि म्हणाला, "नगर होईल थेव्हा होईल. मी सोडत नाही. पण तवरक आपल्याले चोर तं नोको लिहा."

मग हात रॉकेलनं पुसून पाळीवर निघून गेला. नगरचा अर्ज त्यानं तालुक्याला दिला आहे. मसुदा मीच लिहून दिला. त्याला पाहिजे ते नाव त्याला मिळालंच पाहिजे, आणि ते मिळेस्तोवर मी त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवणार आहे. मला टोली शब्द प्यारा आहे, म्हणून मामानं तो आयुष्यभर वाहावा असं मी म्हणू शकत नाही. आमचं एवढंच म्हणणं आहे की शब्द टाकायचा असेल तर तो टोलीनं टाकावा. मॅडमनी नाही, पेंटरनं नाही.

धानाची कापणी झाली. दिवस लहान झाले. मामानं मुदतीचा विषय काढला नाही, आणि कोणी त्याला आठवणही करून दिली नाही. थांबा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. इकडे नागपुरात केव्हाच दिवे लागलेले. रोजच्या वेळी फोन वाजला. मी सवयीनं तो कानाशी धरून खांद्यानं दाबला, सुरी हातात घेतली, भाजी पुढ्यात ओढली.

"टोलीवर उतरून राहिली," ती म्हणाली. मागून मामीचा आवाज आला, बसचं दार आपटल्याचा आला. "पोचली. ठेवू?"

मी म्हटलं, ठेव.